भेकरांच्या लॉनला केवडा आला

एका जंगलात, बाळांनो, गवत खायला बंदी होती.

हसू नका. आधी ऐका. नीट मांडी घालून बसा. आणि तो मागच्या रांगेतला, हो, तूच, आधी नाकातलं बोट काढ.

तर गवत खायला बंदी होती आणि निम्मी प्रजा गवतच खाणारी होती. असं कसं झालं? राजाच्या मनात आलं म्हणून झालं. जंगलात याहून वेगळं कारण कोणी विचारत नाही.

राजा म्हणजे वाघमहाराज. एकदा ते जंगलाच्या कडेला, माणसांच्या बंगल्यापाशी झुडपात बसले होते. काय काम होतं ते विचारू नका, काम खासगी होतं. समोर माणसं हिरव्यागार गवतावर खुर्च्या टाकून चहा पीत होती. गवत कसं, एकसारखं कापलेलं. त्यावर गाय नाही, बकरी नाही, कोणी तोंडसुद्धा लावत नव्हतं. महाराज बघतच राहिले. एवढं गवत आणि खायला कोणी नाही! याला म्हणायची श्रीमंती.

महाराज त्या दिवशी उपाशी परत आले. आणि दुसऱ्याच दिवशी वानराने दवंडी पिटली.

"ऐका हो ऐका! प्रत्येकाच्या दारात लॉन पाहिजे! गवत खायचं असतं, लॉन बघायचं असतं! महाराज एकेकाच्या घरी चहाला येतील! लॉन पसंत पडलं तर शाबासकी! नाही पडलं, तर चहाबरोबर खायला काय, हा प्रश्न जागच्या जागी सुटेल हो!"

पहिला मान रानकोंबड्याला मिळाला. त्याच्या लॉनचा एक कोपरा वाळलेला निघाला. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. महाराजांनी चहा मात्र परत मागून घेतला.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. माणूस म्हणजे भेकर. भेकर ठाऊक आहे ना? हरणातलंच एक, पण अंगाने बेताचं. आणि घाबरलं की चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. याचं नाव त्र्यंबकराव. हे जरा जास्तच घाबरायचे, त्यामुळे जरा जास्तच भुंकायचे. पान पडलं, भॉक्! शिंक आली, भॉक्! लग्नात अंतरपाट दूर झाला आणि समोर नवरी दिसली, तेव्हाही भॉक्! नवरीचं नाव अनसूयाबाई. त्या हसल्या आणि तिथेच संसार सुरू झाला.

पौर्णिमेला महाराजांचा चहा भेकरांच्या दारात ठरला होता.

त्र्यंबकरावांनी लॉनसाठी जिवाचं रान केलं. जंगलातच राहत होते, तरी केलं. गवत कापायला त्यांच्याकडे दातच होते. पण कापलेलं गिळायचं नाही, हा हुकूम. बिचारे तोंडभर कोवळं गवत तोडायचे, डोळे मिटायचे आणि थुंकून टाकायचे. कधीकधी थुंकायला जरा वेळ लागायचा. अनसूयाबाई तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघायच्या.

कापायचे तेही पार मुळापर्यंत. थुंकलेलं गवत तिथेच पडून कुजायचं. खत म्हणून गव्याच्या घरून शेण आणून त्यांनी असा थर दिला की गव्यालासुद्धा लाज वाटली. आणि पाणी? पाणी रोज तिन्हीसांजेला. ओढ्यावरून तोंडात भरून आणायचं आणि लॉनवर फुर्र करून उडवायचं.

"अहो, संध्याकाळी कशाला पाणी घालता?" अनसूयाबाई म्हणाल्या. "रात्रभर ओलं राहतं ते. सकाळी घाला की, उन्हाने वाळेल तरी."

"दिवसभर तापलंय बिचारं. जरा गार झोप लागू दे त्याला."

"रात्रभर ओल्या अंगाने झोपलं तर आजारी पडेल."

"गवत कुठे आजारी पडतं? काहीतरीच तुझं!"

आणि एका सकाळी त्र्यंबकराव दारात आले आणि इतक्या जोरात भुंकले की झाडावरची माकडं खाली पडली. लॉनवर पिवळे झुबके उठले होते. इथे एक, तिथे एक, कुंपणापाशी तर झुंडच. दाट, बुटके, पिवळेजर्द.

"मेलो!" त्र्यंबकराव म्हणाले. "अगं, चहाबरोबर मीच!"

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि डॉक्टर साळिंदरांना बोलावून आणलं.

डॉक्टर साळिंदर म्हणजे अंगभर काट्यांचं ते साळिंदर. औषधाची सुई वेगळी बाळगायची त्यांना गरजच नव्हती. ते बोलायचे कमी, टोचायचे जास्त. त्यांनी एक पिवळा झुबका उपटला. पान उलटं केलं. पानामागे पांढरी भुकटी दिसली. त्यांनी मान हलवली.

"केवडा आलाय," ते म्हणाले.

आता थांबा. केवडा म्हणजे काय, कोण सांगेल? शाबास! वासाचं ते पिवळं कणीस. गणपतीला वाहतात, वेणीत माळतात. तुमचं उत्तर बरोबर आहे. पण शेतावर जाऊन केवडा आला म्हणाल, तर शेतकरी कपाळाला हात लावील. पीक पिवळं पडलं, पानामागे बुरशी धरली, की त्या रोगालाही केवडाच म्हणतात. रोगाला इतकं गोड नाव कोणी ठेवलं देव जाणे. ज्याने ठेवलं त्याला शेत नसणार.

त्र्यंबकरावांनाही शेत नव्हतं.

"केवडा?" ते म्हणाले. "भॉक्! केवडा! अगं, ऐकलंस का? आपल्या लॉनला केवडा आला!"

"अहो, तसा नव्हे," डॉक्टर म्हणाले. "केवडा म्हणजे बुर—"

तोंडात लाडू. त्र्यंबकरावांनी आनंदाच्या भरात मोहाच्या फुलांचा सबंध लाडू डॉक्टरांच्या तोंडात कोंबला. मोहाचा लाडू दातांना असा चिकटतो, की खाणाऱ्याचं बोलणं दुपारपर्यंत बंद होतं.

"बु काय, बुंदी काय, तुम्ही मागाल ते देतो डॉक्टर! दुसऱ्यांच्या लॉनला गवत येतं, आमच्या लॉनला केवडा आला!"

"म्म्म्म!" डॉक्टर म्हणाले.

"बघ, त्यांनासुद्धा आनंदाने बोलवत नाहीये."

तासाभरात जंगलभर बातमी. आणि तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत. म्हणजे जनावरं. कोणाकडे काही नवीन आलं की पाय घरी राहत नाहीत. रांगच लागली. अस्वल आलं, रानडुक्कर आलं, गवा आला, मोर सहकुटुंब आला. ओढ्यातून चिखल तुडवत आले आणि तसेच लॉनवर चढले. सगळे नाक खाली घालून वास घेऊ लागले.

"अहाहा!" रानडुक्कर म्हणालं. "काय वास! अगदी ओल्या गोणपाटाचा!"

"भारी केवडा असाच असतो," अस्वल म्हणालं. "अंगावर येत नाही. आतल्या आत दरवळतो."

लांडोरीने एक झुबका उपटून तुऱ्यात माळला. मोराने तिच्याकडे पाहिलं आणि तो लगेच शिंकला.

"पण वहिनी, याला पाणी कमी पडतंय हं," गवा म्हणाला. "केवडा ओढ्याकाठचा. त्याला पाणी लागतं." आणि सोंड नसूनही त्याने हत्तीसारखं तोंड भरून पाणी आणून ओतलं. मग कोणी मागे राहतंय होय? जो येईल तो येताना पाणी घेऊन. सकाळी एक पाळी, दुपारी एक, आणि तिन्हीसांजेला तर जत्राच. लॉनवर चालताना पचक् पचक् वाजायला लागलं.

निघताना प्रत्येकाचं एकच. "त्र्यंबकराव, एक काडी द्या ना. आमच्याही दारात लावतो."

"अहो न्या की! घरचंच आहे!"

असा तो केवडा काडीकाडीने घरोघर गेला. जिथे काडी जाऊ शकली नाही, तिथे चिखलाच्या पायांनी गेला. रोज सकाळी जंगलातून कोणीतरी ओरडायचं, "आमच्याकडेही आला हो!" आणि शेजारीण कानकोंडी होऊन आपल्या दारात आणखी पाणी ओतायची.

इकडे पहिल्याच दिवशी दुपारी डॉक्टरांचे दात एकदाचे सुटले होते. ते मागच्या दाराने अनसूयाबाईंकडे गेले. आजूबाजूला कोणी लाडू घेऊन उभं नाही ना, ते आधी पाहून घेतलं.

"वहिनी, हा रोग आहे," ते हळूच म्हणाले. "बुरशी. ओलीत वाढते."

अनसूयाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मला वाटलंच! मग काय करू?"

"पाणी बंद. द्यायचंच तर पहाटे, तेही जमीन वाळल्यावर. साचलेलं पाणी चर खणून काढा. पिवळं दिसेल ते मुळासकट उपटून जाळा. कुजलेलं गवत उचला. वरची फांदी छाटा, ऊन-वारा येऊ दे. शेण पुरे. आणि गवत अगदी मुळापर्यंत कापू नका, अंगावर थोडं राहू द्या. सगळ्यांत मोठं औषध म्हणजे, कोणाला पाय ठेवू देऊ नका."

डॉक्टर आयुष्यात एवढं कधी बोलले नव्हते. त्यांना धाप लागली.

अनसूयाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "डॉक्टरांना काय कळतं? जन्म गेला टोचण्यात." अनसूयाबाई म्हणाल्या, "बरं." बायको नुसतं बरं म्हणाली, की नवऱ्याने सावध व्हायला हवं. पण त्र्यंबकरावांना पाहुण्यांपुढे वेळ कुठे होता?

घराच्या मागेही लॉनचा एक तुकडा होता. अनसूयाबाईंनी तिथे बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पिवळे झुबके उपटले, चर खणला, फांद्या छाटल्या. पहाटे उठून पाणी घालायच्या. पाहुणे मागे वळले तर म्हणायच्या, "इकडे नको भावोजी, इकडे धुणं वाळत घातलंय." कोणाचं धुणं, हे जनावरांनी विचारलं नाही, कारण पाहुण्याने यजमानाच्या धुण्याबद्दल विचारायचं नसतं.

मग एक दिवस नाग आला. डोक्यावर वळकटी, मागे बिऱ्हाड.

"केवडा इथेच आला ना?" त्याने विचारलं.

त्र्यंबकराव दोनदा भुंकले. मग म्हणाले, "हो. या ना."

"या ना काय? राहायलाच आलोय. केवड्याच्या बनात राहायचं हा आमचा पिढीजात मान आहे. कुठे आहे बन?"

त्र्यंबकरावांनी ऐटीत लॉन दाखवलं. नागाने जीभ बाहेर काढली. उजवीकडे लवलवली, डावीकडे लवलवली. फणा उभारला, फणा पाडला.

"त्र्यंबकराव, मी केवड्यात जन्मलो. माझे वडील केवड्यात गेले. हा केवडा नव्हे. हे तुमचं गवत सडलंय."

एवढ्या दिवसांत हे कोणीतरी म्हणेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, पण डॉक्टरांचं कोण ऐकतं? नाग म्हणजे मात्र केवड्यातला माणूस! त्र्यंबकरावांनी पहिल्यांदाच लॉनकडे नीट पाहिलं. पिवळं, पिवळं, सगळं पिवळं. आणि पाहुणे रांगेने ये-जा करायचे तिथे गवत चिखलात कुजून काळंकुट्ट झालेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे पट्टे.

"भॉक्," ते म्हणाले. अगदी हळू. "उद्या पौर्णिमा."

"मग मी घरी काय सांगू?" नाग म्हणाला. "सगळ्यांना कळवून निघालोय!" पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होती? तो रागाने वळकटी उचलून निघून गेला.

त्र्यंबकराव मटकन खाली बसले. "अनसूये, संपलं गं सगळं. मी गेल्यावर तू माहेरी जा. आणि मला माफ कर. तू म्हणाली होतीस, संध्याकाळी पाणी नको."

"उठा," अनसूयाबाई म्हणाल्या. "इकडे या."

त्यांनी काटे बाजूला केले. मागचा तुकडा हिरवागार. वाऱ्यावर नुसता डुलत होता. त्र्यंबकरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तेवढ्यातही अनसूयाबाई म्हणाल्या, "त्यावर नका रडू. संध्याकाळ झालीय."

ठरलं. महाराजांना आडवाटेने थेट मागच्या दारी आणायचं. तिथे चहा मांडायचा. पुढचं लॉन त्यांच्या नजरेला पडूच द्यायचं नाही.

पण बाळांनो, राजा कधी मागच्या दाराने येतो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज आले ते वाजतगाजत, पुढून. मागे सगळी प्रजा. त्र्यंबकराव आडवे झाले. "महाराज, इकडून, इकडून! इकडे सावली आहे!" महाराजांनी त्यांना मिशीने बाजूला सारलं आणि लॉनसमोर येऊन उभे राहिले.

पिवळं लॉन. त्यावर काळे पट्टे.

महाराज बघताहेत. प्रजा महाराजांकडे बघतेय. त्र्यंबकराव डोळे मिटून देवाचं नाव घेताहेत. अनसूयाबाईंनी त्यांचा पाय आपल्या पायाने घट्ट दाबून धरलाय.

"अरे," महाराज म्हणाले. आवाज बदललेला. "अरे, हे तर आम्हीच!"

आणि ते लॉनवर जाऊन आडवे झाले. काय सांगू तुम्हाला! महाराज दिसेनासेच झाले. पिवळ्यात पिवळं, काळ्यात काळं. फक्त आवाज येत होता. प्रजा मुजरा करायला वाकली, पण कोणत्या दिशेला वाकायचं कळेना. अस्वलाने शेपटाकडच्या बाजूला मुजरा केला. गव्याने एका दगडाला केला.

"त्र्यंबक!" लॉन म्हणालं. "आजवर सगळ्यांनी हिरवं दाखवलं. आम्हाला आम्ही कोणीच दाखवलं नव्हतं. पसंत! एकदम पसंत! आजपासून लॉन म्हणजे असं! चहा आणा!"

त्र्यंबकराव हसले, रडले, भुंकले, सगळं एकदम. वाचलो! अनसूयाबाईंनी हात जोडले. पण चहा मागच्या दारी मांडलेला. महाराज उठले, उड्या मारतच मागे वळले. आणि थबकले.

"हे काय आहे?"

समोर हिरवा तुकडा.

"हे हिरवं. आमच्या लॉनशेजारी. हे काय रुजवलंय? आमची चेष्टा?"

मघाशी जे पिवळ्याला घाबरले होते, ते आता हिरव्याला घाबरले. रानडुकराने पटकन आपल्या पायाला चिकटलेली हिरवी काडी झटकली.

"कोणी केलं हे?" महाराज गुरगुरले.

"मी केलं," अनसूयाबाई म्हणाल्या.

बाळांनो, आता त्र्यंबकराव भुंकणार असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण ते भुंकले नाहीत. ते अनसूयाबाईंच्या पुढे येऊन उभे राहिले.

"मी केलं, महाराज. ती खोटं बोलतेय."

"खोटं हे बोलताहेत! यांना कुठे काय जमतं? यांनी केलं असतं तर सडलं नसतं का?"

"अगं, गप्प बस ना! महाराज, हिला बाजूला करा. मला घ्या. मी जरा बारीक आहे, पण चहाला पुरेन."

"यांचं काही ऐकू नका महाराज. यांना नीट कापतासुद्धा येत नाही!"

महाराजांनी दोघांकडे पाहिलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. "भांडू नका," ते म्हणाले. "दोघंही या. चहा गार होतोय."

तेव्हा गर्दीतून खुळखुळ असा आवाज झाला. काट्यांचा. डॉक्टर साळिंदर पुढे आले. त्यांच्या तोंडात आज काहीही नव्हतं.

"महाराज," ते म्हणाले, "ह्या दोघांना खाऊ नका. संसर्ग आहे."

"कसला संसर्ग?"

डॉक्टरांनी एकदा हिरव्या तुकड्याकडे पाहिलं. एकदा अनसूयाबाईंकडे पाहिलं. साळिंदराला खोटं बोलताना घाम येतो, आणि घाम आला की त्याचे काटे चकाकतात. ते चकाकले.

"याला हिरवळ म्हणतात. फार चिवट रोग आहे. आधी गवत हिरवं पडतं. मग गवत खाणारा. मग त्याला खाणारा."

महाराज एक पाऊल मागे सरकले. "म्हणजे आम्ही?"

"पायापासून सुरुवात होते."

महाराजांनी पंजा उचलून पाहिला. पंजाला गवताची एक कोवळी पात चिकटली होती. हिरवी.

"आई गं!" महाराज किंचाळले. तुम्ही वाघाला आई गं म्हणताना ऐकलंय? त्या दिवशी सगळ्या जंगलाने ऐकलं. ते एका पायावर नाचायला लागले. "डॉक्टर! काढा! चढलं का? पाठीवर बघा! शेपटीवर बघा! कानामागे हिरवं दिसतंय का?"

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "पण महाराजांनी इथे जास्त वेळ थांबू नये. आणि प्रजेत हे पसरू नये म्हणून काळजी घ्यावी लागेल."

"सांगा! काय वाटेल ते सांगा!"

आणि डॉक्टरांनी सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे जमिनीवर होते. "सगळ्यांनी रोज संध्याकाळी भरपूर पाणी घालावं. लॉन रात्रभर ओलं राहिलंच पाहिजे. कुजलेलं गवत हलवू नये. ऊन-वारा अजिबात लागू देऊ नये. आणि चिखलाच्या पायांनी एकमेकांकडे जात-येत राहावं. एवढं केलंत तर हिरवळ कोणाच्याही दारात टिकणार नाही, हे मी लिहून देतो."

"आणि हे दोघं?"

"यांच्या वाऱ्याला कोणी उभं राहू नये."

महाराज तिथून जे निघाले ते पळतच. चहा तसाच राहिला. संध्याकाळी वानराने दवंडी दिली, "भेकरांच्या दारात हिरवा रोग आहे हो! कोणी पाय ठेवू नका! त्यांना काही देऊ नका, त्यांच्याकडून काही घेऊ नका!" भेकरांच्या घराभोवती काटेरी कुंपण पडलं. वाट बंद झाली. काल ज्यांना काडी हवी होती ते आता लांबून वळसा घालून जायचे, तेही तोंडावर पान धरून.

त्र्यंबकराव पहिल्यांदा फार रडले. "आपल्याला वाळीत टाकलं गं. आता कोणी येणार नाही."

"हो ना," अनसूयाबाई म्हणाल्या. "आता कोणीच येणार नाही." आणि त्यांचा चेहरा असा उजळला की त्र्यंबकरावांचं रडं थांबलं.

कोणी आलं नाही. कोणी पाणी ओतलं नाही. चिखल सुकला, काळे पट्टे भरून आले. त्र्यंबकराव आता पहाटे उठतात. बायकोने सांगितल्याशिवाय थेंबही टाकत नाहीत. दोन पौर्णिमा उलटेपर्यंत पुढचं अंगण, मागचं अंगण, सगळं हिरवं झालं. बाकी जंगल पिवळं, काळं, सडलेलं. आणि सगळे मोठ्या निष्ठेने संध्याकाळी पाणी ओतताहेत.

कधीमधी डॉक्टर साळिंदर त्या वाटेने जातात. कुंपणापलीकडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय त्र्यंबकराव, तब्येत?"

त्र्यंबकराव हिरव्यागार गवतात लोळत असतात. अंगावर तेज चढलेलं. वजन वाढलेलं. शेजारी अनसूयाबाई तृप्त होऊन रवंथ करताहेत. डॉक्टरांचा आवाज आला की दोघं पटकन माना टाकतात.

"फार वाईट, डॉक्टर!" त्र्यंबकराव कण्हतात. "काही खरं नाही!"

"आणि वहिनी?"

"आई आई गं!" अनसूयाबाई विव्हळतात. "हिरवं पार डोळ्यांपर्यंत आलंय हो!"

"अरेरे," डॉक्टर म्हणतात. "असंच राहू द्या. काही सुधारणा वाटली, तर मला ताबडतोब कळवा."

तात्पर्य: अंगणातली बुरशी पाणी तोडल्याने जाते आणि पाहुणे तोडल्याने परत येत नाही. पण रोग कोणता आणि आरोग्य कोणतं, हे राजाच्या अंगावरचा रंग बघून मगच ठरवावं. आणि चुकून आपण धडधाकट निघालोच, तर ते कोणाला सांगू नये, मोठ्याने कण्हावं. घरी कोणी विचारलं, आज काय शिकलात, तर तुम्ही मात्र म्हणा, "रोगावर वेळेवर उपचार करावेत." ते ऐकायला बरं वाटतं.